पोलादाचे पाणी : एका हुनराचा इतिहास

वाचकहो, एखाद्याच्या अंगी तेज असले की आपण त्याला 'पाणीदार' म्हणतो. घराण्याची प्रतिष्ठा सांभाळणे याला आपण 'आब राखणे' म्हणतो. हा 'आब' शब्द फारसीतून मराठीत आला आणि फारसीत त्याचा मूळ अर्थ पाणी असाच आहे. आता लोहाराच्या भट्टीकडे वळा. लालबुंद पाते तो सांडशीत धरून झटकन द्रवात बुडवतो. या कृतीला आपण पाणी देणे किंवा पाणी पाजणे म्हणतो. इराणचा कारागीर हिलाच 'आब देणे' म्हणत आला आणि अरबी भाषेत तिला 'सकी' म्हणतात. या शब्दाचा अर्थही पाजणे असाच. तीन भाषा, तीन मुलूख, पण कल्पना एकच : कोरडे पोलाद पाणी प्याले म्हणजे त्याच्या अंगी धार येते.

पोलाद हा शब्दही फारसीतूनच मराठीत आला. धार लावणाऱ्या, चकाकी देणाऱ्या कारागिराला आपण 'शिकलगार' म्हणतो, तो शब्द मुळात अरबी 'सैकल' म्हणजे हत्याराला झिलई देणारा. त्याला फारसी 'गर' हा प्रत्यय जोडला गेला आणि सैकलगराचा शिकलगार झाला. शब्द असे दूरदूरचे प्रवास करतात, तेव्हा त्यांच्याबरोबर माणसे, माल आणि विद्याही प्रवास करीत असतात. प्रस्तुत लेखात त्या विद्येचा थोडा मागोवा घ्यावयाचा आहे. चाकू, वस्तरा, शस्त्रवैद्याची सुरी यांसारख्या पातळ पात्याला पाणी देण्याची ही विद्या कोणी जोपासली, कोणी लिहून ठेवली आणि तिच्यातले काय हरवले, हे आपण पाहू. विषय लोहाराचा वाटला तरी तो शिक्षणाचाही आहे, हे पुढे ध्यानात येईल.

पातळ पात्याची अडचण

प्रथम कृती समजून घेऊ. चाकूच्या साध्या पोलादात लोखंडाबरोबर शेकडा सुमारे ०.६ ते १ भाग कार्बन असतो. हे पोलाद साधारण ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की कार्बन लोखंडात विरघळतो, जशी साखर दुधात विरघळावी तसा. ते हळूहळू निवू दिले तर कार्बन पुन्हा वेगळा होतो आणि पोलाद मऊ राहते. पण एकदम थंड केले तर कार्बनला बाहेर पडायला अवधीच मिळत नाही. तो आतच अडकतो, लोखंडाची अंतर्गत मांडणी ताणली जाते आणि पोलाद अत्यंत कठीण बनते. कठीण, पण ठिसूळ. अशी सुरी दगडी फरशीवर पडली तर काचेसारखी फुटू शकते.

म्हणून दुसरी पायरी आवश्यक असते. पाणी दिलेले पाते घासून स्वच्छ करायचे आणि पुन्हा मंद आचेवर तापवायचे. तेव्हा त्याच्या पृष्ठभागावर रंग उमटू लागतात. प्रथम पेंढ्यासारखा फिकट पिवळा, मग गडद पिवळा, तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा. हवेतील प्राणवायूमुळे पोलादावर जो अतिशय पातळ थर चढतो, त्याच्या जाडीप्रमाणे हे रंग बदलतात. भट्टीजवळ तापमापक नव्हता तेव्हा हे रंग हाच कारागिराचा तापमापक होता. सुमारे २२० ते २३० अंशांचा फिकट पिवळा रंग वस्तऱ्यासाठी, २४० च्या आसपासचा गडद पिवळा खिशातल्या चाकूसाठी, २५५ च्या सुमाराचा तपकिरी कात्रीसाठी, २७५ च्या पुढचा जांभळा जेवणाच्या टेबलावरील सुरीसाठी आणि २९० च्या सुमाराचा निळा घड्याळाच्या स्प्रिंगसाठी. इच्छित रंग दिसताच पाते थंड करायचे. या दुसऱ्या तापवण्यात थोडा कठीणपणा जातो आणि त्याच्या मोबदल्यात चिवटपणा येतो. नुसते कठीण होणे पुरेसे नसते, ही गोष्ट पोलादाला जशी लागू आहे तशी माणसालाही आहे.

पाते जितके पातळ, तितकी ही दोन्ही कामे अवघड. जाड कुऱ्हाड भट्टीतून काढल्यावर काही क्षण आपली उष्णता धरून ठेवते. वस्तऱ्याचे पाते मात्र भट्टीपासून पाण्यापर्यंत नेईतो हवेतच निवू लागते, आणि साध्या पोलादाला पाणी लागण्यासाठी उष्णता उतरण्याचा अवधी सेकंद-दोन सेकंदांचाच असतो. टोक पातळ म्हणून ते आधी तापते आणि मधला भाग तापेपर्यंत ते जास्त तापून बसते. जास्त तापलेल्या पोलादाचे कण जाड होतात आणि धार भुरभुर तुटते. शिवाय भट्टीतील हवा पृष्ठभागावरचा कार्बन खाऊन टाकते. जाड हत्याराचे त्यात फारसे बिघडत नाही, परंतु केसासारख्या धारेजवळ पृष्ठभागाखाली उरतेच किती? पाण्यात बुडवताना एक बाजू आधी व दुसरी नंतर थंड झाली तर पाते वाकते, त्याला पीळ पडतो, किंवा बारीक 'टिक्' असा आवाज होऊन तडा जातो. तो आवाज ऐकू आला की कारागिराचे सारे श्रम वाया गेले असे समजावे.

यावर कारागिरांनी शोधलेले उपाय साधे आणि शहाणपणाचे आहेत. पाणी देण्यापूर्वी धार पूर्ण पातळ करायची नाही, थोडी जाडी राखायची आणि बाकीचे घासकाम पाणी दिल्यावर करायचे. पात्याचा रंग सर्वत्र सारखा दिसेपर्यंत ते आगीत पुढेमागे हलवायचे. लोहचुंबक पोलादाला धरेनासे झाले की ताप सुमारे ७७० अंशांवर पोहोचला हे ओळखायचे आणि त्याहून थोडाच अधिक द्यायचा. पाते द्रवात सरळ उभे उतरवायचे, आडवे हलवायचे नाही. आणि पातळ पात्यासाठी पाण्याऐवजी कोमट तेल वापरायचे. तेल पाण्यापेक्षा सावकाश थंड करते, पण पातळ पात्याला तेवढा वेग बहुधा पुरतो आणि तडा जाण्याची भीती कमी होते. म्हणजे 'पाणी' हा शब्द राहिला, पण पाजले जाते ते तेल.

राख, ताक आणि माती

हे ज्ञान लिहून ठेवण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिता' या ग्रंथात खड्गलक्षणाचा अध्याय आहे. तेथे केळीची राख ताकात कालवून ते मिश्रण एक दिवस ठेवावे व त्याचे पाणी हत्याराला द्यावे, अशी कृती सांगितली आहे. केळीच्या राखेत क्षार भरपूर असतात. तापलेले पाते साध्या पाण्यात बुडवले की त्याच्याभोवती वाफेचा पडदा तयार होतो आणि थंड होण्याची क्रिया मंदावते. क्षारयुक्त पाण्यात हा पडदा लवकर फुटतो आणि पाते झपाट्याने व सर्वत्र सारखे निवते. वराहमिहिराच्या काळी हे कारण कोणाला ठाऊक नव्हते, पण परिणाम ठाऊक होता.

अकराव्या शतकात अबू रैहान अल्-बिरूनी याने गझनीच्या सुलतान मौदूदसाठी रत्ने व धातू यांवर ग्रंथ लिहिला. भारताचा अभ्यासक म्हणून आपण त्याला ओळखतोच. या ग्रंथात त्याने पोलादाचीही माहिती दिली आहे. हिंदुस्थानातील कारागीर तलवारीला पाणी देताना तिच्या रुंद अंगावर माती, गाईचे शेण व मीठ यांचा लेप देतात आणि धारेजवळची जागा बोटांनी पुसून मोकळी ठेवतात, असे त्याने नमूद केले आहे. यातील युक्ती पाहा. जेथे लेप आहे तेथे पोलाद सावकाश निवते व चिवट राहते. जेथे लेप नाही त्या धारेला पाणी पुरेपूर लागते. एकाच पात्यात धार कठीण आणि पाठ चिवट. आज धातुशास्त्राच्या वर्गात शिकवली जाणारी ही गोष्ट आपल्या देशातील कारागीर हजार वर्षांपूर्वी शेणामातीने साधत होते, आणि ख्वारज्मचा एक विद्वान ती आस्थेने टिपून ठेवीत होता.

तुलनेसाठी युरोपकडे पाहा. बाराव्या शतकात थिओफिलस या जर्मन साधूने कारागिरीवर ग्रंथ लिहिला. त्यात हत्याराला पाणी देण्यासाठी बोकडाचे मूत्र किंवा तांबड्या केसांच्या लहान मुलाचे मूत्र उत्तम, असे सांगितले आहे. वाचून हसू येते, परंतु मूत्रातही क्षार असतात, तेव्हा कृती अगदीच निरर्थक नव्हती. केसांच्या रंगाचा मात्र पोलादाशी काहीएक संबंध नाही. जेथे कारण कळलेले नसते तेथे खऱ्या अनुभवाला असे खोटे शेपूट चिकटते आणि मग कोणते खरे, कोणते खोटे हे पुढच्या पिढीला निवडता येत नाही.

बगदादचा तत्त्वज्ञ आणि सैकल

या कथेतील सर्वांत लक्षणीय प्रसंग नवव्या शतकातील बगदादचा आहे. अबू यूसुफ याकूब इब्न इसहाक अल्-किंदी (सुमारे ८०१ ते ८७३) हा त्या काळचा थोर तत्त्वज्ञ. गणित, वैद्यक, संगीत, प्रकाशशास्त्र, खगोल अशा अनेक विषयांवर मिळून त्याने दोनशेहून अधिक ग्रंथ व टिपणे लिहिली. अशा माणसाने तलवारींवर पुस्तक लिहिले! खलीफा अल्-मुअतसिम (कारकीर्द ८३३ ते ८४२) याच्यासाठी लिहिलेल्या या पुस्तकात वीरश्रीची वर्णने नाहीत. लोखंडाचे प्रकार किती, खाणीतून मिळणारे कोणते व कृतीने तयार होणारे पोलाद कोणते, कोणत्या देशाची तलवार रूपाने, वजनाने व अंगावरील लहरींवरून कशी ओळखावी, याची ती शिस्तशीर वर्गवारी आहे. येमेनी, हिंदी, सरनदीबी म्हणजे सिलोनच्या पोलादाची, अशा जातींचा त्यात उल्लेख येतो.

अल्-किंदीला ही माहिती कोठून मिळाली? ग्रीक ग्रंथांच्या भाषांतरातून नव्हे. जागोजागी तो सैकल लोकांचा हवाला देतो : ते या तलवारीला अमुक म्हणतात, ही खूण अशी ओळखतात. ज्यांच्या हाताखालून रोज शेकडो पाती जात, त्यांना पात्याच्या पोटातले कळे. दरबारात ज्याला मान होता असा विद्वान बाजारातल्या झिलईवाल्यांचे बोलणे प्रमाण मानून लिहून घेतो, ही घटना लहान नव्हे. त्यामुळेच बाराशे वर्षांनंतरही ते ज्ञान आपल्या हाती आहे.

शतकाहून अधिक काळाने, स्पेनमधील कुर्तुबा येथे अबुल कासिम अज्-जहरावी या शस्त्रवैद्याने 'अत्-तसरीफ' हा विशाल वैद्यकग्रंथ सिद्ध केला. त्याच्या शस्त्रक्रियेवरील भागात सुमारे २०० उपकरणांच्या आकृत्या आहेत. त्यांत नाना आकाराच्या बारीक सुऱ्या आहेत. वैद्याने आकृती काढावी आणि लोहाराने ती पाहून सुरी घडवावी, हा त्यामागचा हेतू उघड आहे. बाराव्या शतकात या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर झाले आणि पुढे कित्येक शतके युरोपातील शस्त्रवैद्य त्यावर विसंबून राहिले. पातळ पाते जसे जीव घेते तसे ते जीव वाचवतेही, आणि दोन्ही ठिकाणी पाणी नीट लागले पाहिजे.

दक्षिणेची मूस

आता आपल्या देशाकडे येऊ. अल्-किंदीने ज्याला हिंदी पोलाद म्हटले त्याची ख्याती दक्षिण भारत आणि सिलोन यांच्या कारागिरांमुळे होती. लोखंडाचे तुकडे, लाकूड व पाने मातीच्या मुशीत घालून, तोंड लिंपून, भट्टीत भाते चालवून ते दीर्घकाळ तापवीत. लाकडातला व पानांतला कार्बन लोखंडात शिरे आणि लोखंड वितळून पोलादाचा लहानसा गोळा तयार होई. त्यात शेकडा १ ते २ भाग कार्बन असे. कानडीत पोलादाला 'उक्कु' म्हणतात. या शब्दापासून इंग्रजांचा 'वूट्झ' शब्द आला असे मानले जाते. सालेम, म्हैसूर आणि तेलंगणातील निजामाबादजवळचे कोनसमुद्रम ही या धंद्याची नामांकित ठाणी होती.

हेन्री व्हॉयसे हा डॉक्टर व भूगर्भशास्त्रज्ञ १८२० च्या सुमारास त्या मुलखात हिंडत होता. त्याने कोनसमुद्रमची हकीकत लिहिली, ती १८३२ मध्ये प्रसिद्ध झाली. इराणचे व्यापारी तेवढा लांबचा प्रवास करून त्या खेड्यात येत, मुक्काम करीत आणि पोलाद घेऊन जात. ज्यांना जग 'दमास्कसच्या तलवारी' म्हणते, ज्यांच्या अंगावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते, त्यांपैकी पुष्कळ पात्यांचे पोलाद असे दख्खनच्या मुशीतून गेलेले होते. मूस दख्खनची, घडण इराणची, नाव दमास्कसचे!

या पोलादाचा स्वभाव मोठा नाजूक. युरोपातील लोहारांनी आपल्या सवयीप्रमाणे ते पांढरे होईतो तापवले तर हातोड्याखाली त्याचा चुरा होई. मंद लाल तापावर धीराने ठोकले तरच ते घडे. नक्षी ही त्या धीराची खूण होती, कारण ताप वाढला की ती नाहीशी होई.

मुंबईहून लंडनला

१७९४ मध्ये मुंबईत कंपनी सरकारच्या नोकरीत असलेल्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. दुसऱ्याच वर्षी, १७९५ साली, जॉर्ज पिअर्सन यांनी त्या नमुन्यांच्या परीक्षणावर सोसायटीपुढे निबंध वाचला. या कामात त्यांना जेम्स स्टोडार्ट यांची मदत झाली. स्टोडार्ट हे लंडनमध्ये वस्तरे व शस्त्रक्रियेची हत्यारे तयार करणारे कारागीर. त्यांनी या पोलादाचा चाकू घडवला, त्याला पाणी दिले आणि अनेक वर्षे तुलना करून पाहिली. अखेर त्यांनी आपल्या दुकानाच्या जाहिरातपत्रावरच छापले की, आम्ही हिंदुस्थानच्या वूट्झची हत्यारे करतो आणि युरोपातल्या उत्तम पोलादाहून ते आम्हांस पसंत आहे. हा अभिप्राय आमचा नव्हे, लंडनच्या एका निष्णात कारागिराचा होता.

याच स्टोडार्टबरोबर पुढे काम करू लागला तो मायकेल फॅरडे. विद्यार्थी मित्रांनो, विजेच्या धड्यात तुम्हाला हे नाव भेटते. फॅरडे (जन्म १७९१) हा गरीब लोहाराचा मुलगा. शालेय शिक्षण जेमतेम. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तके तो वाचीत असे. १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याला सहायकाची जागा मिळाली. १८१९ साली त्याने वूट्झचे रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केले आणि १८२० व १८२२ मध्ये स्टोडार्टसह पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहण्याच्या प्रयोगांचे निबंध लिहिले. वूट्झच्या गुणाचे जे कारण त्याने सुचवले ते पुढे टिकले नाही. परंतु पोलादात इतर धातू मिसळून त्याचे गुण शास्त्रीय पद्धतीने तपासण्याचा पायंडा पडला, तो मुंबईहून गेलेल्या त्या नमुन्यांमुळे. लोहाराचा मुलगा आणि हत्यारे घडवणारा कारागीर एका टेबलाशी बसले, तेव्हा हे घडले.

पाण्यातले गुपित

लोखंड आणि पोलाद यांतला फरक कार्बनचा आहे, हे फ्रान्समध्ये व्हांदरमाँद, बर्थोले आणि माँज या तिघा शास्त्रज्ञांनी १७८६ मध्ये स्पष्ट मांडले होते. म्हणजे पाण्यात, ताकात वा मुत्रात गुपित नव्हतेच, ते पोलादाच्या पोटात होते. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पोलाद पाहण्याची पद्धत आली. पाणी लागलेल्या पोलादात दिसणाऱ्या सुईसारख्या बारीक रचनेला १८९५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या गौरवार्थ 'मार्टेन्साइट' हे नाव मिळाले. दोन सहस्रके जे लोहाराच्या डोळ्याला रंगावरून आणि कानाला आवाजावरून कळत होते, त्याला कारण सापडले.

दमास्कसच्या लहरींचे कोडे मात्र आणखी शंभर वर्षे राहिले. ते सोडवण्यात मोठा वाटा उचलला तो अमेरिकेतील दोघांनी. एक होते आयोवा स्टेट विद्यापीठातले धातुशास्त्राचे प्राध्यापक जॉन व्हरहोव्हेन आणि दुसरे फ्लोरिडातले आल्फ्रेड पेंड्रे. पेंड्रे यांचा धंदा घोड्यांना नाल ठोकण्याचा व चाकू घडवण्याचा! १९९८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले की, खनिजातून आलेल्या व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अगदी अल्प अंश पोलादात असेल तरच, पुन्हा पुन्हा मंद तापावर ठोकताना कठीण कार्बाइडचे कण ओळीने बसतात आणि लहरी उमटतात. ज्या खाणीच्या मातीत तो अंश होता तिचा पुरवठा थांबला की तोच लोहार, तीच मूस, तीच कृती असूनही नक्षी उमटणार नाही, आणि का उमटत नाही हे त्याला कळणार नाही. ही कला लोपण्याचे हे एक संभाव्य कारण त्यांनी मांडले.

दक्षिणेत इतर कारणेही होती. १८५६ नंतर बेसेमरच्या पद्धतीने इंग्लंडात पोलाद ढिगांनी व स्वस्तात तयार होऊ लागले. मुशीतल्या गोळ्यांना लागणारा लाकडी कोळसा महाग व दुर्मिळ झाला. तलवारींची मागणी सरली. एकोणिसावे शतक संपता संपता मुशी थंड पडल्या.

आपल्यासाठी

वाचकहो, या इतिहासात एक गोष्ट तीनदा घडलेली तुमच्या ध्यानात आली असेल. बगदादेत अल्-किंदी आणि सैकल, लंडनमध्ये फॅरडे आणि स्टोडार्ट, अमेरिकेत व्हरहोव्हेन आणि पेंड्रे. जेव्हा जेव्हा लेखणी धरणारा आणि सांडशी धरणारा एकमेकांशेजारी बसले, तेव्हा तेव्हा ज्ञान पुढे सरकले व टिकले. जेथे ते बसले नाहीत तेथे काय झाले? कोनसमुद्रमची हकीकत आपण वाचतो ती एका परक्या डॉक्टराच्या लेखणीतून. मुशी भरणारे, भाते ओढणारे, पानांचे प्रमाण जाणणारे जे कारागीर होते, त्यांच्या हातची एक ओळही आपल्या पाठ्यपुस्तकात नाही. त्यांचा हुनर जगात कोणाहून कमी नव्हता. कमी होती ती पाटी आणि लेखणी. मूस थंड पडली तेव्हा त्यांच्याबरोबर विद्याही मातीआड गेली.

पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत शिकलगार हे आडनाव आजही आहे. ज्या सैकलांना विचारून अल्-किंदीने पुस्तक लिहिले त्यांच्या धंद्याचेच हे नाव होय. तेव्हा वर्गात या आडनावाचा, लोहाराचा वा कोणाही कारागिराचा मुलगा शेजारी बसला असेल तर त्याच्या धंद्याची थट्टा करू नका. त्याच्या घरी कदाचित असे काही ज्ञान असेल की जे तुमच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात कारणासह आहे, पण त्याच्या वडिलांच्या बोटांत अनुभवासह आहे.

आणि पालकहो, मुलगा अथवा मुलगी शिकली की हाताचे काम सुटलेच पाहिजे, असे समजू नका. आज धातुशास्त्र, उत्पादन अभियांत्रिकी, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील हत्यारकाम या वाटा खुल्या आहेत. भट्टीचा ताप आता रंगावरून नव्हे तर यंत्रावर मोजला जातो, परंतु पातळ पात्याची अडचण तीच आहे : जास्त तापू न देणे, सारखे तापवणे, सरळ बुडवणे आणि मग थोडा कठीणपणा परत सोडून देणे. घरातला ज्याला हात आहे त्याला पुस्तक द्या, आणि ज्याला पुस्तक आहे त्याला घटकाभर भट्टीजवळ उभे करा. ज्यांच्या घरी अजून असा धंदा आहे त्यांनी वडिलांना, आजोबांना विचारून कृती, मापे, रंग, आवाज हे सारे वहीत लिहून काढावे. शाळेच्या प्रकल्पासाठी याहून चांगला विषय मिळणे कठीण.

असो. शेवटी घरच्या उपयोगाची एक गोष्ट सांगून पुरे करतो. स्वयंपाकघरातील साध्या पोलादाची सुरी गॅसच्या ज्योतीवर कधी धरू नये. विजेच्या कोरड्या सहाणेवर धार लावून घेताना ती फार वेळ टेकवू देऊ नये, मधूनमधून पाण्यात बुडवायला सांगावे. धारेवर निळा रंग चढलेला दिसला तर समजावे की तेथे पाण्याचा बराच अंश उतरला. ती जागा आता फक्त स्प्रिंगच्या कामाची, धारेच्या नव्हे. निळा भाग संपेपर्यंत पाते घासून मागे न्यावे लागेल. हे साधे ज्ञान ज्या कोणा सैकलाने प्रथम ओळखले त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. पण उद्या सुरीला धार लावून घेताना ते उपयोगी पडेल, तेव्हा त्याची आठवण ठेवावी.